1 ऑगस्ट: दोन तसबिरी आणि त्यांच्या मधली मोकळी जागा

ठाकुरद्वार_कट्टा (धागाकर्ता)

1 ऑगस्टला मुंबईतल्या कुठल्याही शाळेत, वॉर्ड ऑफिसात किंवा वाचनालयात जा. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर दोन तसबिरी. लोकमान्य टिळक पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे जयंती. मग दोन भाषणं होतात, एक मंडालेचं आणि एक दीड दिवसाच्या शाळेचं. पेढे वाटले की कार्यक्रम संपला. या दोन माणसांचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो, असं भाषण करणाऱ्यांपैकी कुणीच म्हणत नाही.

वर्षही तेच आहे हे किती जणांच्या लक्षात येतं? 1 ऑगस्ट 1920. टिळक गेले ते क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात. त्याच तारखेला तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या वाटेगावात (आता ते सांगलीत येतं) तुकाराम भाऊराव साठे जन्मले. 2020 साली एकाची शंभरावी पुण्यतिथी आणि दुसऱ्याची जन्मशताब्दी एकाच दिवशी आली, आणि दोन्ही लॉकडाऊनमध्ये बुडाल्या.

माझ्या मते दोघांना जोडणारा धागा आहे, आणि तो गिरणगावातून जातो. 22 जुलै 1908 ला रात्री मुंबई हायकोर्टात न्या. दावर यांनी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी, 23 जुलैला, टिळकांचा बावन्नावा वाढदिवस होता. त्यानंतर गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, शिक्षेच्या एकेका वर्षामागे एकेक दिवस. लष्कर आलं, गोळीबार झाला, माणसं मेली. लेनिनने त्याच वर्षी लेख लिहून या संपाची दखल घेतली. पुढे छत्तीस वर्षांनी, 1944 मध्ये, अमर शेख, द. ना. गवाणकर आणि अण्णाभाऊ यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. त्यांच्यासमोर मैदानात बसलेला श्रोता कोण होता? 1908 मध्ये मशीन सोडून बाहेर पडलेल्या कामगारांची मुलं आणि पुतणे.

हे मला सरळ दिसतं. तुम्हाला पटतंय का? आणि 1 ऑगस्टच्या खात्यात आणखी काय काय आहे, तेही लिहा.

शेवटची_कर्जत

लेख आवडला, पण तारखेचं मला काही विशेष वाटत नाही. वर्षाचे दिवस 365 आणि जगाची लोकसंख्या आठशे कोटी, म्हणजे एकेका वाढदिवसाला दोन कोटींहून जास्त माणसं आली. गणितवाले सांगतात की 23 माणसं एकत्र आली तर त्यातल्या दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. 57 झाली की ती 99 टक्क्यांवर जाते. आमच्या डब्यात दादरला तेवढी नुसती दारात उभी असतात.

इतिहासातल्या घटना त्यात मिळवल्या तर कुठलीही तारीख काढा, जोड्या निघणारच. लिंकन आणि डार्विन दोघेही 12 फेब्रुवारी 1809 चे. त्यातून काय काढायचं?

सिनेमावेडी_दादर

तुम्ही डब्यात दारात उभे राहा, आम्ही वाढदिवस मोजतो :)

1 ऑगस्ट म्हणजे मीनाकुमारी. 1933, जन्म इथलाच, मुंबईचा. खरं नाव महजबीन बानो. गेली 31 मार्च 1972 ला, कबर माझगावला.

आणि भगवानदादा! भगवान आभाजी पालव, जन्म 1 ऑगस्ट 1913, अमरावती. वडील गिरणी कामगार, आणि दादांनीही आधी गिरणीत काम केलं होतं. म्हणजे गिरणगाव इथेही आलंच. गणपतीत आजही ज्याला नाचता येत नाही तो जे करतो ती भगवानदादांची स्टेप. जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या, दादा पुन्हा दादरच्या चाळीत आले. त्यांच्या नावाने तसबीर कुणी लावत नाही, पण विसर्जनाला सगळं शहर त्यांच्यासारखं नाचतं.

चाळकरी

रफीसाहेबांची पुण्यतिथी राहिली की.

सिनेमावेडी_दादर

ती 31 जुलै, 1980. एक दिवस आधी आलात. प्रेमचंदांचा जन्म आणि उधमसिंगांची फाशीही 31 जुलैचीच.

अव्वल_कारकून

सर्व आदरणीय सदस्यांस नमस्कार. आमच्या खात्याचा दिवस कुणालाच आठवू नये? 1 ऑगस्ट हा महाराष्ट्रात महसूल दिन. महसुली वर्ष 1 ऑगस्टला सुरू होतं आणि 31 जुलैला संपतं. जमाबंदी, वसुली, गाव नमुने, सगळ्याचा हिशेब 31 जुलैला मिटवायचा. त्या दिवशी तहसील कचेरीत रात्रीपर्यंत दिवे चालू असत. दुसऱ्या दिवशी उत्कृष्ट तलाठी, उत्कृष्ट मंडळ अधिकारी, उत्कृष्ट कोतवाल यांचे सत्कार. तसबिरी दोन आणि सत्कार दहा, असा आमचा 1 ऑगस्ट. सात-बारा सगळ्यांना हवा असतो, पण तो लिहिणाऱ्याचा दिवस कुणाला माहीत नसतो.

अवांतर: वाढदिवसांचा विषय निघालाच आहे म्हणून. माझ्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस 1 जून. गुरुजी दारोदार फिरून पोरं शाळेत आणायचे. आई म्हणायची, मोठ्या पुराच्या साली झाला, नाहीतर म्हणायची, नाग्या बैल घेतला तेव्हा. गुरुजी वय अंदाजाने धरून 1 जून लिहून मोकळे व्हायचे. आणि नियम असा की महिन्याच्या 1 तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे 31 मे ला कचेऱ्यांमध्ये निरोप समारंभांची रांग लागते. शेवटची_कर्जत यांच्या गणितात हे धरलंय का?

शेवटची_कर्जत

नाही हो, ते गणित सगळ्या तारखा सारख्याच संभाव्य धरतं. महाराष्ट्रात 1 जूनमुळे 23 माणसंही लागायची नाहीत. सहा-सात निवृत्त मास्तर बसवले की काम झालं.

मोडीवाचक

ठाकुरद्वार_कट्टा, तारखेच्या कडेलाही एक गंमत आहे. टिळकांचं निधन मध्यरात्रीनंतर 12 वाजून 40 मिनिटांनी झालं. आता बघा. भारतीय प्रमाणवेळ 1906 पासून लागू होती, पण मुंबई शहराने स्वतःची मुंबई वेळ सोडली नव्हती. ती प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे असे आणि 1955 पर्यंत टिकली. रेल्वे एका घड्याळावर आणि महापालिका दुसऱ्या. 12.40 ही मुंबई वेळ धरली तर प्रश्नच नाही. प्रमाणवेळ धरली तर मुंबईच्या घड्याळात 12 वाजून 1 मिनिट. म्हणजे कुठलंही घड्याळ लावा, तारीख 1 ऑगस्टच येते, फक्त एका घड्याळात ती मिनिटभराने वाचते. पंचांगवाल्यांचा दिवस सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे त्यांच्या लेखी तो अजून आदलाच दिवस.

जुन्या तारखांची आणखी मोठी पंचाईत आहे. पोर्तुगालने नवं ग्रेगोरियन कॅलेंडर 1582 सालीच घेतलं. इंग्रजांनी ते 1752 पर्यंत घेतलं नाही, आणि घेतलं तेव्हा 2 सप्टेंबरनंतर थेट 14 सप्टेंबर उजाडला. आता सतराव्या शतकातली मुंबई डोळ्यांसमोर आणा. 1665 पासून माहीम इंग्रजांकडे, खाडीपलीकडचं वांद्रे आणि साष्टी पोर्तुगीजांकडे. होडीत बसून माहीमहून वांद्र्याला गेलं की तारीख दहा दिवसांनी पुढे जायची, आणि परत आलं की दहा दिवस मागे. शिवाय इंग्रजांचं वर्ष 25 मार्चला बदलायचं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतल्या कागदांवर वर्षाचा आकडासुद्धा फसवतो.

शिवजयंतीच्या वादातही हे येतं. वैशाख शुद्ध द्वितीया शके 1549 की फाल्गुन वद्य तृतीया शके 1551, हा वाद सगळ्यांना माहीत आहे. पण 19 फेब्रुवारी 1630 ही ज्युलियन तारीख आहे, आजच्या कॅलेंडरप्रमाणे ती 1 मार्च 1630 येते, हे फारसं कुणी बोलत नाही. शेक्सपिअर आणि सर्व्हांतेस दोघांच्या नावावर 23 एप्रिल 1616 लिहिलं जातं. इंग्लंड जुन्या कॅलेंडरवर आणि स्पेन नव्या, तेव्हा दोघांच्या मृत्यूत प्रत्यक्षात दहा-अकरा दिवसांचं अंतर होतं. दिनविशेष लिहिणाऱ्यांनी 1752 च्या आधीच्या तारखा जपून वापराव्यात.

चाळकरी

वांद्र्याला जाऊन दहा दिवसांनी म्हातारं होणं आजही शक्य आहे, सी लिंकवरून न जाता एस. व्ही. रोडने जा.

शाहीर_नायगाव

मूळ मुद्द्यावर येतो. गिरणगावाचा धागा तुम्ही फार सरळ ओढलात, धागाकर्ते. तिथे गाठी आहेत.

1908 च्या संपाबद्दल दुमत नाही, माझे पणजोबा त्या वेळी परळच्या गिरणीत होते. पण त्या गिरणीत कोण कुठल्या खात्यात होतं ते बघा. विणकाम खात्यात पगार जास्त होता, आणि तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यात (मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी तुकड्यात) सुताची नवी कांडी भरली की सुताचं टोक तोंडाने ओढून काढावं लागे, आणि तो उष्टा धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. तेव्हा 'गिरणी कामगार' असा एक शब्द लिहिला तरी आतमध्ये दोन दारं होती.

आता टिळक. मार्च 1918 मध्ये मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषद झाली. विठ्ठल रामजी शिंदे यांनी भरवलेली, अध्यक्ष सयाजीराव गायकवाड. टिळक आले आणि अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार बोलले. पण अस्पृश्यता पाळणार नाही अशा जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली नाही. 31 जानेवारी 1920 ला मुंबईत मूकनायक सुरू झालं. त्याची जाहिरात पैसे देऊनही केसरीने छापली नाही, हे बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवलंय. तेव्हा टिळक हयात होते. सहा महिन्यांनी 1 ऑगस्ट.

अण्णाभाऊ मांग समाजातले. बापाबरोबर वाटेगावहून पायी मुंबईत आले. हमाली केली, कोळसे वेचले, गिरणीत राबले, माटुंगा लेबर कॅम्पात राहिले, नंतर घाटकोपरच्या चिरागनगरात. त्यांनी 'फकिरा' अर्पण केली ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला, केसरीच्या नव्हे. दोन तसबिरींच्या मधल्या मोकळ्या जागेत हे सगळं आहे. ते न बोलता दोघांना एकेक हार घालणं कचेरीच्या सोयीचं आहे, एवढंच.

नीरजा_विलेपार्ले

शाहीर, 1918 ची सही हा मुद्दा बरोबर आहे, पण तेवढ्यावर टिळकांना निकालात काढता येत नाही. त्यांच्यावर राजद्रोहाचे खटले झाले, सहा वर्षं मंडालेत काढली, तीही मधुमेह असताना. कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर आले ते कुणी पैसे दिले म्हणून नाही.

आणि अंत्ययात्रा आठवा. भर पावसात लाखोंची गर्दी. नेहमीच्या स्मशानात न नेता गिरगाव चौपाटीच्या वाळूत दहन झालं, बसलेल्या स्थितीत. गांधींनी खांदा दिला, शौकत अलींनी दिला. ही माणसं एका जातीची नव्हती.

शाहीर_नायगाव

निकालात कोण काढतंय, ताई? मी म्हणतोय भाषणात हेही सांगा. लाखोंची गर्दी खरी आणि न केलेली सहीसुद्धा खरी.

ठाकुरद्वार_कट्टा

शाहीर, धोट्याची गोष्ट वाचून ऐकून होतो, पण ती या तारखेशी जोडून कुणी मांडलेली पाहिली नव्हती. तुमचं म्हणणं मान्य, धागा सरळ नाहीच. तरी माझा दावा मी सोडत नाही, उलट तुमच्या मुद्द्याने तो पक्का होतो. त्याच शहरात, त्याच गिरण्यांच्या आवारात एका पिढीने टिळकांसाठी संप केला आणि पुढच्या पिढीने अण्णाभाऊंचे पोवाडे ऐकले. अण्णाभाऊंनी 1908 चा कामगार नाकारला नाही. त्याच कामगारासमोर उभं राहून त्याच्या कानावर पडत नव्हतं ते त्याला ऐकवलं. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी तर त्यांच्या छक्कडीला अख्खं गिरणगाव मान डोलावत होतं, विणकाम खातंही आणि सूत कातणारं रिंग खातंही.

1920 चं मुंबईपुरतं कॅलेंडर मांडून बघा. जानेवारीत मूकनायक. 1 ऑगस्टला टिळक गेले, आणि त्याच दिवशी असहकार सुरू झाला. गांधींनी कैसर-ए-हिंद पदक परत केलं ते 1 ऑगस्टलाच. 31 ऑक्टोबरला आयटक या देशव्यापी कामगार संघटनेची स्थापना, मुंबईतच, अध्यक्ष लाला लजपतराय. दहा महिन्यांत जुनी पानं उलटली आणि तीन नवी उघडली: बाबासाहेबांचं, गांधींचं आणि कामगार संघटनेचं. अण्णाभाऊ मोठे झाले ते यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या पानावर.

शेवटची_कर्जत, लिंकन-डार्विनच्या जोडीतून काही निघत नाही हे कबूल. इथे निघतं, कारण दोघांच्या पायाखालची जमीन एक आहे.

शेवटची_कर्जत

मग तारखेचा उपयोग इतकाच की तिच्यामुळे तुम्ही शोधायला गेलात. टिळक 3 ऑगस्टला गेले असते तरी गिरणगाव तेच राहिलं असतं.

ठाकुरद्वार_कट्टा

हो, पण तसबिरी एका टेबलावर आल्या नसत्या आणि शाहिरांनी हे लिहिलं नसतं.

क्रॉसमैदान_अकरा

जरा बाहेर पाहू या. 1 ऑगस्ट 1834 ला ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा अमलात आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातला मुलूख मात्र त्यातून वगळला होता, आपल्याकडे वेगळा कायदा 1843 मध्ये आला. वेस्ट इंडीजच्या बऱ्याच बेटांवर 1 ऑगस्ट हा मुक्तिदिन म्हणून सुट्टीचा.

आणि नव्वद वर्षांनी नेमक्या त्याच दिवशी, 1 ऑगस्ट 1924 ला, बार्बाडोसमध्ये फ्रँक वॉरेल जन्मला. वेस्ट इंडीजचं कर्णधारपद गोऱ्यांकडेच राहायचं. पूर्ण मालिकेसाठी नेमलेला पहिला कृष्णवर्णीय कर्णधार वॉरेल, 1960 मध्ये. 1962 मध्ये ग्रिफिथचा चेंडू आपल्या नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर बसला, कवटी फुटली, तेव्हा रक्त द्यायला पुढे आलेल्यांत वॉरेल होता. मुक्तिदिनाला जन्मलेल्या माणसाचं रक्त आपल्या कप्तानाच्या अंगात गेलं. शेवटची_कर्जत म्हणतील योगायोग. म्हणू दे.

शेवटची_कर्जत

हा मी म्हणणार नाही. हा सुंदर आहे.

विज्ञानशिक्षक_बोरिवली

आमच्या शाळेच्या फळ्यासाठी: 1 ऑगस्ट 1774, जोसेफ प्रीस्टलीने पारा असलेल्या तांबड्या भुकटीवर भिंगाने ऊन पाडून ऑक्सिजन वेगळा केला. लामार्कचा जन्म 1 ऑगस्ट 1744 चा. खगोलशास्त्रज्ञ मारिया मिचेल, 1818.

नीरजा_विलेपार्ले

स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिन. 1914 ला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं तो दिवस. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकचं उद्घाटन. 1944 चा वॉर्सॉचा उठाव. आणि एअर इंडियाचं राष्ट्रीयीकरण अमलात आलं ते 1 ऑगस्ट 1953 ला, आमचे बाबा तेव्हा सांताक्रूझला नोकरीत होते.

अव्वल_कारकून

23 जुलैचा उल्लेख वर आला आहे. टिळकांची जयंती 1856, चंद्रशेखर आझादांची 1906, आणि मुंबईचं रेडिओ केंद्र व्हाइसरॉय आयर्विन यांच्या हस्ते सुरू झालं ते 23 जुलै 1927. त्यामुळे तो प्रसारण दिन. आकाशवाणीवाले त्या दिवशी तीन कार्यक्रम करतात.

शाहीर_नायगाव

मग 18 जुलैचा धागा कोण काढतंय? अण्णाभाऊ 18 जुलै 1969 ला गेले. नेल्सन मंडेलांचा जन्म 18 जुलै 1918.

सिनेमावेडी_दादर

आणि राजेश खन्ना, 2012, मुंबईतच. वांद्र्याच्या कार्टर रोडवर केवढी गर्दी होती त्या दिवशी! मी काढते धागा, पण तुम्ही पहिला प्रतिसाद मंडेलांवर टाकायचा, नाहीतर सगळं सिनेमाकडे जाईल.

शाहीर_नायगाव

टाकतो. पण सिनेमाकडे जाणारच आहे.